पाहिलंस की वाटलं?

पेडणेकर गेला, हे मला त्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं. "काका, मी मेधा बोलतेय, कुडाळहून. बाबा सकाळी गेले." मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, फार त्रास झाला का गं? ती म्हणाली, "मी स्वयंपाकघरात होते, काका. मी पाहिलं नाही. आले तेव्हा खुर्चीत शांत बसलेले होते." बाप जाऊन दोन तास झाले नव्हते आणि ही मुलगी जे पाहिलं नाही ते पाहिलं नाही म्हणून सांगत होती. पेडणेकरचीच लेक! फोन ठेवला आणि मला रडू यायच्या ऐवजी राग आला. चाळीस वर्षं जुना राग. माणूस गेल्यावर तरी तो जाईल, असं मला वाटलं होतं...

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही कतारला, दोह्यातल्या बिन महमूद वस्तीत एका फ्लॅटमध्ये राहायचो. मी इलेक्ट्रिशियन, माझ्या गावचा बबन कंपनीचा पिकअप चालवायचा, आणि श्रीधर पेडणेकर गेटवरचा टाइमकीपर. गेटवर बसून बसून त्याला अरबी बऱ्यापैकी येऊ लागली होती. कंपनीच्या सिक्युरिटीवर एक अमेरिकन साहेब होता. त्याच्या गावच्या कम्युनिटी कॉलेजात क्रिमिनल जस्टिसचा, म्हणजे गुन्हे-तपास आणि कायद्याचा, दोन वर्षांचा कोर्स होता आणि तो टपालानं करता यायचा. साहेबानं सहज सांगितलं आणि पेडणेकरनं ते मनावर घेतलं. कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, हे आम्हाला कुठलं ठाऊक! गावातल्या लोकांसाठी गावातलंच साधं कॉलेज, असं त्यानं समजावलं. "मंग तुम्ही काय त्या गावचं पाटील हाय का?" बबननं विचारलं होतं. पेडणेकर हसला नाही. पुस्तकं कंपनीच्या पोस्ट बॉक्सवर महिना-दीड महिन्यानं यायची, उत्तरं तो टाइप करून पाठवायचा, आणि परीक्षेला साहेब स्वतः समोर बसायचा. आम्ही त्याला फौजदार म्हणायला लागलो.

त्या कोर्सातला एक धडा त्यानं आमच्यावरच गिरवला. शुक्रवारी सकाळी मटणाला कांदा चिरता चिरता तो विचारायचा, काल जिन्यात भांडण झालं, तू काय पाहिलंस? आपण सांगायला लागलो की वहीचं पान मधोमध दुमडून एका बाजूला 'पाहिलं' आणि दुसऱ्या बाजूला 'वाटलं' असं लिहायचा. माझं सगळं दुसऱ्याच बाजूला जायचं. "तो दारू प्यायला होता, हे तू पाहिलंस की तुला वाटलं?" अरे, तोल जात होता त्याचा! "मग तोल जात होता, एवढंच सांग." कांद्यानं आधीच डोळ्यांत पाणी, त्यात हा छळ.

पुढचं सांगण्याआधी आमच्यातली एक रीत सांगायला हवी. उम्म सईदच्या साइटवरून दोह्याला परतताना रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना वाळू, आणि जूनच्या दुपारी डांबर डोळ्यांसमोर हलायला लागायचं. ड्रायव्हरचा डोळा लागू नये म्हणून शेजारी जो बसेल त्यानं बोलत राहायचं. विषय कुठलाही चालायचा, गावची जत्रा, बायकोचं पत्र, फोरमनच्या नकला, पण तोंड बंद ठेवायचं नाही. त्या दुपारी बबनच्या शेजारी मी होतो. शटडाउनचं, म्हणजे प्लँट बंद ठेवून दुरुस्तीचं, काम होतं, दोघांची लागोपाठ दुसरी पाळी संपली होती. नारायणगावच्या तमाशाची एक गोष्ट मी सांगायला घेतली, एवढं मला आठवतं. त्यानंतर आठवतो तो धक्का, काचेवर आपटलेलं माझं डोकं, आणि बबनचा आवाज, "मधी आला रं... एकदम मधी आला." रस्त्याच्या कडेला एक बंगाली मजूर पडला होता. शुद्धीवर होता. मी त्याच्या पायाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

पोलीस ठाण्यात बबनला आत नेलं. कंपनीनं आपला एक माणूस पाठवला आणि दुभाषा म्हणून पेडणेकरला. कंपनीच्या माणसानं मला बाहेर व्हरांड्यात गाठून हिंदीत सांगितलं, "बोलो वो भागके बीच में आया. बस. यल्ला, पाँच मिनट का काम है, खलास." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बबन तसंच ओरडला होता ना! आणि बबन माझ्या गावचा, बापाचा एकुलता एक, दिवाळीनंतर त्याचं लग्न ठरलेलं. तो तुरुंगात गेला तर मी कुठल्या तोंडानं गावात जाणार होतो? तेवढ्यात पेडणेकर बबनला भेटून बाहेर आला. चेहरा पांढरा पडला होता. त्यानं मला विचारलं, काय सांगणार आहेस? मी सांगितलं. तो एरवी आमच्याशी शुद्ध बोलायचा, पण संतापला की त्याची मालवणी बाहेर पडायची. "तुया बघलंस काय? तुझ्या डोळ्यांनी?"

"नाही. डोळा लागला होता माझा. पण बबन्यानं पाहिलं ना!"

"बबन काय सांगायचं ते सांगेल. तू झोपला होतास, तर झोपलो होतो असं सांग."

मी त्याचा हात धरला. म्हटलं, श्रीधर, तुझी परीक्षा नाहीये ही, माणसाचा जीव आहे. तर तो हळू आवाजात म्हणाला, "दोन माणसं आहेत, दिलीप. तो हॉस्पिटलात पडलाय, त्याच्या बाजूनं इथं कोण बसलंय? तू धावत आला म्हणालास की चूक त्याच्या नावावर जाईल." आत बोलावलं. टेबलामागचा अधिकारी शांतपणे विचारत होता, कंपनीच्या माणसालाही कळावं म्हणून पेडणेकर मला हिंदीत सांगत होता, आणि पंख्याखालीही माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. प्रश्न आला, काय पाहिलं? मी पेडणेकरकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. खोटं बोललो असतो तर त्यानं ते शब्दाला शब्द अरबीत सांगितलं असतं, याची मला खात्री आहे. पण त्याच्यासमोर माझी जीभ वळेना. मी म्हणालो, झोपलो होतो. कागदावर सही केली. नंतर कळलं, बबननंही एवढंच लिहून दिलं होतं की तो माणूस मला दिसला नाही. हीदेखील पेडणेकरचीच शिकवणी, असं मी धरून चाललो.

बबनला सहा महिन्यांची कैद झाली आणि मग थेट विमानात बसवून घरी पाठवलं. ठरलेलं लग्न मोडलं. शिक्षा झाली त्याच आठवड्यात मी खोली बदलली. निघताना पेडणेकर दारात उभा होता. म्हणाला, "त्या माणसाचं नाव नूरुल आहे. मी जाऊन आलो. पाय गुडघ्याखाली काढला." मी बॅग उचलली आणि त्याला बाजूला सारून निघालो. पुढच्या वर्षी त्याचं सर्टिफिकेट आलं. त्यानं शिरा केला होता म्हणे, सगळ्यांना बोलावणं होतं. आम्ही कुणीच गेलो नाही. मी तर इतरांनाही जाऊ दिलं नाही, हे आता लिहायला हवं.

काही वर्षांनी तो कुडाळला परतला आणि हार्डवेअरचं दुकान घातलं. कुडाळात त्या सर्टिफिकेटला कोण विचारतो! दर दिवाळीला त्याचं कार्ड यायचं, पाच कार्डांना माझं एक उत्तर. गेल्या वर्षी एका लग्नाच्या निमित्तानं तिकडे गेलो तेव्हा बायकोच्या आग्रहानं त्याच्या घरी जाऊन आलो. खूप वाळला होता. पोहे खाऊन झाल्यावर त्यानं एकदम विचारलं, "अजून राग आहे का रे?" मी म्हणालो, "छे! कधीच गेला." तो हसला. आमची शेवटची भेट ती.

तेराव्याला मी कुडाळला गेलो, तर ओटीवर बबन बसलेला. पासष्टी उलटलेला, टोपी गुडघ्यावर ठेवलेली. मी चकित झालो. तो दरवर्षी पेडणेकरकडे यायचा, हे मला त्या दिवशी कळलं. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं पेडणेकरच्या खोलीत बसलो. त्याच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं, चष्मा वर्तमानपत्रावर तसाच पडला होता. बबननं तो चष्मा उचलून नीट मिटून ठेवला. मग म्हणाला, "दिल्या, त्या दिवशी माझा बी डोळा लागला व्हता. मधी कोन आलं न्हाई. तो आपला कडंनं चालला व्हता." मी त्याच्याकडे वळलो. "पेडणेकरभाऊला मी तितंच, आत, सांगितलं. पाय धरलं त्यांचं. म्हनलं, दिल्याला कदी सांगू नगा. बोलत ऱ्हायचं काम त्याचं व्हतं, आपुन झोपलो म्हनून झालं असं जन्मभर जिवाला लावून घिईल." चाळीस वर्षांत पेडणेकर एक शब्द बोलला असता तर माझा राग तिथल्या तिथे संपला असता. त्यानं तो शब्द उच्चारला नाही. मी त्याला दारातून बाजूला सारलं तेव्हाही नाही, आणि शिरा पातेल्यात राहिला तेव्हाही नाही.

मेधा चहा घेऊन आली. माझे डोळे पाहून तिला वाटलं, मी तिच्या बाबांसाठी रडतोय. ते खरंच होतं. "काका, तुम्ही येऊन गेलात ना, त्या दिवशी बाबा इतके खूश होते! सगळ्यांना फोन करून सांगितलं, दिलीपचा राग गेला म्हणून." कप माझ्या हातात देत तिनं विचारलं, "गेला होता ना?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. बबनही माझ्याकडे बघत होता.

"नाही गं," मी म्हणालो. "त्या दिवशी नव्हता गेला. आत्ता गेला."