काळ्या वायरीचा संशय

माझा स्वभाव संशयी आहे आणि त्यासाठी मला पगारही मिळतो. शिक्रापूरजवळच्या एका कंपनीत मी गाड्यांच्या वायरिंगच्या तपासणीत आहे. दुसऱ्यांनी जोडलेल्या वायरी ओढून बघायच्या, कुठं सैल आहे, कुठं रंग चुकलाय ते शोधायचं, हेच काम. घरी आल्यावर हा स्वभाव खुंटीला टांगून ठेवता येत नाही. नवरा म्हणतो, मी भाजीतसुद्धा रिजेक्शन शोधते. शोधते, आणि सापडतंही.

लग्न होऊन दौंडहून पाबळ रस्त्यावरच्या या घरात आले, तेव्हा टेम्पोतून माझ्या कपाटाच्या आधी माझी इलेक्ट्रिक गिटार उतरली. दौंडच्या रेल्वे कॉलनीत शेजारच्या काकांकडे मी वाजवायला शिकले होते. बघायला जमलेल्या बायकांनी तिला बेंजो ठरवून टाकलं आणि वरातीत वाजवणार का, असंही विचारून घेतलं. माझं लक्ष सासऱ्यांकडे, म्हणजे मामांकडे होतं. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात शेवटचा शब्द मामांचा. त्यांनी गिटार उलटी केली, मागच्या झाकणाचे स्क्रू न्याहाळले आणि हिला लाइट लागते का, एवढंच विचारलं. त्यांना खपली नाही तर ती दौंडला परत जाणार, हे मला तिथंच कळलं. आणि शिफ्ट सांभाळून दौंडला जाऊन मी काय वाजवणार होते? ती गेली की माझं वाजवणं संपलं.

मामा निवृत्त लाइनमन. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. कशानं, ते घरात कुणी बोलत नाही.

मी अ‍ॅम्प हा आवाज मोठा करणारा डबा लावला की मामा हातातलं काम टाकून उठायचे आणि दाराशेजारच्या मीटरबोर्डाखाली जाऊन उभे राहायचे. एक हात वर, मेनस्विचच्या दांडीवर. माझं वाजवणं संपलं की परत खाटेवर. तक्रार नाही, कौतुक नाही. पाठीमागं असं कुणी उभं असलं की बोटं धड चालत नाहीत. एकदा तारेनं बोट कापलं, मी कळवळून हात झटकला आणि त्याच क्षणी पंखा बंद, अ‍ॅम्प गप्प. शेजारचा टीव्ही मात्र चालूच होता. म्हणजे लाइट फक्त आमच्याच घरातली गेली होती. थोड्या वेळानं आली, पण मला जे समजायचं ते समजलं. म्हातारा निमित्तच शोधत होता.

मग पिकअपचं प्रकरण झालं. तारांखाली बारीक तांब्याची तार गुंडाळलेले चुंबक असतात, त्यांना पिकअप म्हणतात. माझ्या गिटारला दोन आहेत. एक मानेकडं, एक खाली. स्विचची दांडी वर केली की एक बोलतो, खाली केली की दुसरा, आणि मधे ठेवली की दोघं एकत्र. मला तो मधला आवाज सगळ्यात आवडतो. खालचा पिकअप बंद पडला म्हणून ऑनलाइन नवा मागवला. त्याला एक लाल वायर आणि एक काळी. आधी सरळ जोडला, लाल स्विचला, काळी अर्थला. एकेकटे दोघं छान वाजले. मधे दांडी घेतली तर आवाज चिरका, नाक दाबून गायल्यासारखा. नव्याची तार उलट्या बाजूनं गुंडाळलेली होती, त्यामुळे दोघं एकमेकांना खात होते. मी वायरी उलट्या केल्या, काळी स्विचला आणि लाल अर्थला. मधला आवाज भरून आला. मी खूश झाले.

कंपनीच्या स्नेहसंमेलनात मी वाजवणार होते. कार्यक्रम तोंडावर आलेला असताना एका संध्याकाळी कामावरून येऊन गिटार लावली. वर ठीक, खाली ठीक, मधे पुन्हा तोच चिरका आवाज. सोल्डर आपोआप जागा बदलत नाही. कुणीतरी आत हात घातला होता. नवऱ्याला स्क्रूड्रायव्हर कुठून धरायचा ते ठाऊक नाही, म्हणून त्याला तिथंच सोडला आणि मागचं झाकण काढलं. लाल वायर स्विचला, काळी अर्थला. वर पिवळी टेप, आणि टेपचं शेवटचं टोक जरासं दुमडलेलं, पुढच्या वेळी सोडवायला सोपं जावं म्हणून. ती घडी या घरात फ्रिजच्या वायरीवर आहे, मोटारीच्या स्टार्टरवर आहे, इस्त्रीवरसुद्धा आहे.

माझं डोकं फिरलं. गिटार पिशवीत भरली आणि दौंडला न्यायची म्हणून दाराशी आणून ठेवली. मामा शेतावरून आले. पिशवीकडं बघून त्यांनी विचारलं, कुठं निघाली.

"मामा, तुम्हाला नको असेल तर तोंडावर सांगा," मी म्हणाले. "माझ्या माघारी तिला आतून उचकटू नका."

"उचकटली न्हाई," ते म्हणाले. "नीट केली. काळी वायर स्विचला आन् लाल अर्थला, असं कुणी जोडतं व्हय?"

मी समजावायला लागले. यात करंट नसतो, नुसती तार हलते, घरातल्या लाल-काळ्याचा नियम इथं लागू नाही. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग त्या डब्याची पिन भिंतीत कशाला घालतेस. अ‍ॅम्प भिंतीतल्या करंटवरच चालतो, आणि गिटारच्या तारा त्याच्याच अर्थिंगला जोडलेल्या असतात. या एका बाबतीत त्यांचं खरं होतं, आणि त्याचा मला आणखी राग आला.

"आणि त्या दिवशी लाइट तुम्हीच घालवलीत ना?"

"व्हय." ते खाटेवर टेकले. "तू वरडून हात झटकलास. मला वाटलं, करंटला चिकटली."

मामा आपल्या न मिटणाऱ्या बोटांकडं बघत होते.

"माझा जोडीदार पोलावर चिकटला, तवा मी स्विचपाशी न्हवतो," ते म्हणाले. "मंग हातानंच वढाय गेलो."

इतके महिने मी त्या हातावर पाळत ठेवून होते. मला स्वतःची लाज वाटली. मी पिशवी उघडली, सोल्डरिंग गन तापवली आणि त्यांच्यासमोर वायरी पुन्हा उलट्या केल्या. मामांनी बॅटरी धरली. काळी वायर स्विचला टेकताना त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी विहिरीच्या काठावर बसलेय. पटलं नाहीच त्यांना. झाकण लावल्यावर त्यांनी खिशातला टेस्टर काढून एकेका तारेला लावून पाहिला, दिवा लागत नाही म्हणून टेस्टरवरच संशय घेतला, आणि तो बोर्डात घालून तपासून आणला.

मग मी अ‍ॅम्प लावला. मामा उठले. मी दांडी मधे घेतली आणि ते मेनस्विचपाशी पोचेपर्यंत थांबले.