वत्सलाबाईंचं दुसरं ताट

"हे तुम्ही लिहिलंय?"

सरांनी चष्मा काढून विचारलं. माझ्या हातात सोळा पानं होती. नुकतीच वाचून संपवली होती. 

"हो," मी म्हणाले.

"स्वतः?"

"हो सर."

"आडनाव काय म्हणालात?"

मी म्हणालेच नव्हते. आता सांगितलं. सरांनी मान हलवली. बाकीच्यांनीही हलवली. ज्याला जे कळायचं ते कळलं. बंगल्याच्या ओसरीवर आम्ही बारा जण गोल करून बसलो होतो. आडनावानंतरची ती शांतता मला नवी नव्हती. घोटावड्यात आईसाठी नि माझ्यासाठी खोली भाड्यानं घेताना मालकाच्या दारात ती ऐकली होती. नोकरीच्या मुलाखतीत ऐकली होती. इथं ऐकू येईल असं मात्र वाटलं नव्हतं. इथं कादंबरी शिकवणार होते.

पुण्याजवळच्या मुठा गावात, नदीच्या अंगाला एका बंगल्यावर दोन दिवसांचं कादंबरीलेखनाचं शिबिर होतं. पहिलं प्रकरण ईमेलनं पाठवा, आवडलं तर बोलावू, असं होतं. मी पाठवलं. खाली नुसतं नाव लिहिलं, आडनाव गाळलं. निवड झाली तेव्हा कारखान्याच्या स्टोअरमध्ये, जिथं मी कामाला आहे, तिथल्या रॅकमागं जाऊन मी एकटीच हसले होते. सर म्हणजे पुण्यातले मोठे कादंबरीकार. गावावर आठ कादंबऱ्या. त्यांच्यासमोर वाचायचं होतं.

माझ्या कादंबरीत वत्सलाबाई नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. पुण्यात फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. मुलगा येतो, रोज येतो, असं सगळ्यांना सांगतात. येत कुणी नाही. म्हणून त्या रोज दोन ताटं घेतात. एकात जेवतात. दुसऱ्यात आमटीचा ओघळ सोडतात, भाताची चार शितं चिकटवतात, आणि दोन्ही ताटं मोरीत ठेवतात. भांडीवालीला कळू नये म्हणून. सोळा पानं त्या दुसऱ्या ताटाचीच होती.

"सूक्ष्म आहे," सर म्हणाले. "भाषा आहे तुमच्याकडे. पण ही तुमची गोष्ट नाही. त्या बाईच्या मनात तुम्ही कशाला शिरता? ती भांडीवाली आहे ना, दोन ओळींत येऊन जाते ती? ती तुम्ही आहात. तिच्या बाजूनं लिहा."

मी पानं एकावर एक जुळवली.

"आई काय करते तुमची?"

"बंगल्यांवर भांडी घासायची. इथंच, मुठ्यात. आता गुडघे गेलेत."

"बघा!" सर सगळ्यांकडे वळले. "केवढं धन आहे यांच्याकडे! आपल्याला कल्पना करावी लागते. यांना गरजच नाही."

कौतुकानं म्हणाले. तेच लागलं. शिवी दिली असती तर उलटून देता आली असती.

माझ्यानंतर एका इंजिनियरनं वाचलं. विदर्भातला, हिंजवडीत नोकरी. त्याचा नायक पेशव्यांचा हेर, गोव्यात पोर्तुगीजांच्या तुरुंगात पडलेला. बेड्या, उंदीर, पाद्री, सगळं होतं. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, तू तुरुंगात कधी होतास? आडनाव विचारलं नाही. आई काय करते विचारलं नाही. सर म्हणाले, "कल्पनेची झेप आहे." आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी वहीत 'झेप' हा शब्द लिहून ठेवला आणि त्याच्यावर पेन गिरवत बसले.

कल्पना मला कुणी शिकवली ते सांगते.

सुट्टीच्या दिवशी आई मला बंगल्यांवर सोबत न्यायची. मागच्या मोरीपाशी ताटांचा ढीग असायचा. घासायच्या आधी आई एकेक ताट उचलून बघायची.

"ह्ये बघ. भात मधनंच उकरलाय, कडंनं तसाच. जेवताना मन भलतीकडं व्हतं ह्या मान्साचं."

दुसरं उचलायची. "अन् ह्ये? वांग्याची फोड पापडाखाली दडवलीया. नवी सून आसंल. सासूला भितीया."

आत कोण आलंय, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला गोड चालत नाही तरी चोरून खातो, हे आईला माणसं न बघता कळायचं. मग घरी चालत येताना मी पुढचं सांगायचे. सुनेला वांगं का नको, तिच्या माहेरी वांग्याचं काय झालं होतं, ती पळून जाणार का. सगळं मनाचं. आई वाटेत कापलेला गवताचा भारा डोक्यावर सावरत म्हणायची, "मंग?" मी आणखी सांगायचे. "मंग?" शाळा न पाहिलेली ती बाई माझी पहिली वाचक. नंतर दुसरी काही मिळाली नाही.

शिबिराच्या पहिल्याच दिवशी, शनिवारी जेवणानंतर सर म्हणाले, "कागद बाजूला ठेवा. आता नुसतं सांगा. तुमचं."

आणि मी सांगितलं. कुणी ओरबाडून घेतलं नाही, मी दिलं. एवढी मोठी माणसं माझ्याकडे कान देऊन बसली होती, मी हुरळून गेले. मी पेल्याचं सांगितलं. एका बंगल्यावर आमच्यासाठी वेगळा स्टीलचा पेला होता. बाकीच्यांत मिसळू नये म्हणून मालकिणीनं त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलेला. मी आठ वर्षांची असताना एकदा बिनठिपक्याच्या पेल्यातून पाणी प्याले. मालकिणीनं पाहिलं. ओरडली नाही. पेला फेकलाही नाही. आतून बाटली आणली आणि त्याच्याही बुडाला ठिपका लावला. सुकेपर्यंत त्याच्यावर फुंकर घातली. त्या दिवसापासून आमचे दोन पेले झाले.

एक बाई रडल्या. एकीनं माझा हात धरला. कुणाचा तरी मोबाइल मध्ये ठेवलेला होता, रेकॉर्डिंग चालू होतं. सरांनी स्वतःच्या वहीत काहीतरी लिहून घेतलं.

"हे लिहा," ते म्हणाले. "असंच्या असं. उद्या शेवटच्या सत्रात वाचा. दिवाळी अंकाला मी देतो. प्रस्तावना मी लिहितो. पुढं पुस्तक होईल."

"आणि वत्सलाबाई?"

"त्या कुठं पळून जातायत?" सर हसले. सगळे हसले.

चहाच्या वेळी माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. रागानं नव्हे. एवढं ऐकल्यावर माझ्याशी काय बोलावं हे त्यांना कळत नसावं. हेरावर वाद चालला होता, तुरुंगाला खिडकी असावी की नसावी. मलाही त्यावर मत होतं. मी जवळ गेले की आवाज खाली यायचे, आणि कुणीतरी मायेनं विचारायचं, "बरं वाटतंय ना?" मी कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. इतकं एकटं मला कारखान्यात, शंभर पुरुषांतही कधी वाटलं नाही.

संध्याकाळी घरी आले. आई वाटच बघत होती.

"म्हातारीचं वाचलंस का?"

"वाचलं."

"काय म्हनले?"

"चांगलंय म्हणाले."

"पुढं काय झालं तिचं, इचारलं का न्हाई कुनी?"

कुणीच विचारलं नव्हतं. अकरा लिहिणारी माणसं, आणि एकालाही वाटलं नाही की वत्सलाबाईंचं पुढं काय झालं. आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला न घासलेल्या ताटासारखं सगळं कळलं. ती गुडघ्याला तेल चोळत बसली.

तरीही त्या संध्याकाळी मी पेल्याची पाच पानं लिहिली. छापून येण्याचा लोभ. खोटं कशाला बोलू.

रविवारी दुपारी खास गावरान बेत होता. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. सरांनी भाकरी हातात धरून पाच मिनिटं भाषण केलं. भाकरी म्हणजे कसं आपलं मूळ, शहरातल्या माणसानं काय गमावलं, वगैरे. सगळ्यांनी वाहवा केली.

बंगल्यावरची कामवाली त्या दिवशी आली नव्हती. जेवण झाल्यावर जो तो ताट मागच्या मोरीपाशी ठेवून ओसरीवर गेला. मीही ताट ठेवायला गेले. आणि काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी खाली बसले. ओढणी कमरेला खोचली. घासणी हातात घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. हातांनी परस्पर ठरवलं. चौथं ताट घासत होते तेव्हा, ज्यांचा हा बंगला, त्या यजमानीणबाई दारात आल्या.

"अगं, राहू दे की," त्या म्हणाल्या. थांबल्या. मग म्हणाल्या, "बरं, घासतेच आहेस तर ती पिठल्याची कढई पण घे."

काल मला 'अहो' म्हणत होत्या.

 लाज त्यांची नाही वाटली, माझ्या हातांची वाटली. नोकरी, पदवी, सोळा पानं, सगळं गळून पडलं आणि खाली तीच मोरी निघाली. मागून खट्‌ असा आवाज आला. कुणीतरी फोटो काढला. तो पुढं शिबिराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, हात जोडल्याच्या चित्रासकट. 'मातीशी नाळ' असं खाली लिहिलं होतं.

मी उठणार होते. उठताना पुढचं ताट दिसलं.

सरांचं. त्यांची औषधाची रिकामी पट्टी कडेला होती, म्हणून ओळखलं. भाकरीचा नुसता वरचा पापुद्रा खाल्लेला. बाकी भाकरीचे बारीक बारीक तुकडे करून कांद्याच्या पाकळ्यांखाली दडवलेले. एकेक तुकडा नीट, कडेला कड लावून. त्यांना भाकरी चावत नव्हती. आणि चावत नाही असं सांगता येत नव्हतं. आठ कादंबऱ्यांच्या गावात भाकरी न चावणारा म्हातारा कसा चालेल?

मी ते ताट बराच वेळ धरून बसले. मला त्यांची दया आली. मग आनंद झाला, तो लपवत नाही. हा माणूस घरी काय खात असेल ते मला दिसायला लागलं. दुधात पोळी कुस्करून, दार लोटून घेऊन, कुणी बघत नाही ना बघत. त्यांच्या सुनेला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. सून मला दिसली. तिचा आवाज ऐकू आला. यातलं काहीच मी पाहिलेलं नव्हतं. माझ्या डोक्यात आईचा आवाज आला, "मंग?"

मी घासणी खाली ठेवली. सरांचं ताट तसंच ठेवलं. कढई तशीच ठेवली. हात धुतले आणि ओसरीवर गेले.

शेवटच्या सत्रात माझी वाचायची पाळी आली. मी दुसरं प्रकरण काढलं. भांडीवाली दहा दिवस सुट्टीवर जाते. आता कुणाला फसवायचं नाही. तरी वत्सलाबाई दुसरं ताट बरबटवतात, आणि मग स्वतःच घासतात.

दोन पानं झाली आणि सरांनी हात वर केला. "पेल्याचं लिहिलं नाहीत?"

"लिहिलं. देणार नाही."

"अहो, हट्ट कसला हा? अशी संधी पुन्हा येत नाही. तुमच्या माणसांचं दुःख मग कोण लिहिणार?"

"सर, तुम्ही गावावर आठ कादंबऱ्या लिहिल्यात. तुम्हाला कुणी आडनाव विचारलं होतं का?"

 यजमानीणबाई हळूच म्हणाल्या, "नाकापेक्षा मोती जड." ऐकू आलं. ऐकू यावं म्हणूनच म्हणाल्या असतील. भाकरीचं मी बोलले नाही. ओठांवर आलं होतं, पण गिळलं. ते मला पुढं लागणार होतं.

प्रकरण शेवटपर्यंत वाचलं. टाळी एकही नाही. पिशवी उचलली आणि फाट्यापर्यंत चालत गेले. बस उशिरा आली. ग्रुपमधून मला काढलं नाही, पण त्यानंतर माझ्याशी कुणी बोललंही नाही. दिवाळी अंकातली जागा दुसऱ्या कुणाला गेली. वाईट वाटलं. अजून वाटतं.

मग हे का लिहिलं? पेल्याची गोष्ट त्या मोबाइलमध्ये आहे, सरांच्या वहीत आहे. उद्या कुणाच्या तरी कादंबरीत येईल, झेप म्हणून. त्याआधी ती माझ्या तोंडून आलेली बरी. तेवढ्यासाठी हे. 'मी' म्हणून लिहिलेलं हे माझं पहिलं आणि शेवटचं. यापुढं माझ्या आईची भांडी, माझं आडनाव, माझा ठिपका कुणी मागू नये. मिळणार नाही. माझ्या कादंबरीच्या मागच्या पानावर माझं गाव नसेल, फोटो नसेल. हे कुठून आलं असं कुणी विचारलं तर मी उत्तर देणार नाही. हेराच्या लेखकाला विचारा आधी.

त्या रविवारी घरी आले तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "मंग? काय व्हनार म्हातारीचं?"

मी म्हणाले, "अजून ठरलं नाही. मी ठरवणार आहे."

वत्सलाबाईंचं मी ठरवणार आहे. त्या झाल्या की सरांचं.