रुमालाखालचे गाण्याचे तास

माझ्या साडूंनी मला फसवलं. भर बाजारात, साक्षीदारांसमोर आणि मीच शिकवलेल्या पद्धतीनं फसवलं. सांगलीच्या हळद बाजारात मी पोती उचलायला आलो आणि स्वतःचं अडत दुकान घालून बसलो. एवढ्या काळात मला खरेदीदार गंडवू शकले नाहीत, कर्नाटकातून माल आणणारे गंडवू शकले नाहीत. आणि साताऱ्याहून एसटीनं, मांडीवर पुस्तकांची पिशवी घेऊन येणाऱ्या या माणसानं, ज्याला आयुष्यात कोथिंबिरीची जुडी धड घासाघीस करून घेता आली नाही, त्यानं गंडवलं. फसवणूक करायला इतका नालायक दिसणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. म्हणूनच त्यांना ते जमलं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. साताऱ्याच्या एका अध्यापक विद्यालयात ते शिकवायचे आणि शाळेतली मुलं एकत्र कशी गातात, या विषयावर त्यांनी पीएचडी केली होती. तेव्हापासून आमच्या खटाव तालुक्यातले सगळे पाहुणे त्यांना औषधाचा डॉक्टर समजत. वडूजच्या एका लग्नात आमच्या चुलत्यांनी त्यांच्यापुढे आ वासला. म्हणाले, "डॉक्टर, गिळताना लय दुखतंय बघा." साडूंनी त्यांना लांब 'आ' म्हणायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि गंभीरपणे सांगितलं, "काळी दोन." पेटीवरच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा सूर, एवढाच त्याचा अर्थ. पण चुलत्यांनी त्या लग्नातली जिलबी सोडली, आणि हे दुखणं कितपत पसरतं म्हणून गावभर विचारत फिरले.

साडूंना सगळ्या जगाचा सूर ठाऊक असे. कुकरची शिट्टी, सासूबाईंचं ओरडणं, स्टँडवरच्या कंडक्टरची घंटी, प्रत्येकाची पट्टी त्यांच्या डोक्यात पक्की. मंगलाष्टकं सुरू झाली की अक्षता हातात तशाच ठेवून ते कळवळत, कारण दर कडव्याला भटजी अर्धा सूर वर चढत. "हे शेवटच्या कडव्याला कुठं पोचणार?" असं ते मला विचारत. जणू नवरानवरीपेक्षा भटजींच्याच भवितव्याचा प्रश्न होता. संशोधनासाठी ते शाळाशाळांतून प्रार्थनेच्या वेळी जात. पण ते आत शिरले की मुख्याध्यापक त्यांना खात्याचे साहेब समजून प्रार्थना थांबवत आणि चहा मागवत. शेवटी ते कंपाउंडच्या बाहेर झाडाखाली उभे राहून ऐकू लागले. मग पालक त्यांना हटकू लागले. त्यांचा प्रबंध जाडजूड झाला, त्यातला बराचसा भाग ऐकायला न मिळालेल्या गाण्यांविषयी आहे असं मला वाटतं.

एकदा त्यांनी मला महाबळेश्वरला शालेय संगीत शिक्षणाच्या चर्चासत्राला नेलं. गाडी माझी होती, म्हणून नेलं. देशभरचे विद्वान हॉटेलात जमले होते. मुलांनी गायला हवं, यावर त्यांचं एकमत होतं. का गायला हवं, यावर जेवणं थंड होईपर्यंत भांडणं चालली. स्वागतगीत मोबाइलवर लावलं. शेवटपर्यंत तिथं कुणी एक ओळ गायली नाही. मी साडूंना म्हणालो, "आवं, एवढी गाण्यातली माणसं, एखादं म्हणा की." ते म्हणाले, "तसं करून चालत नाही. गायला लागलो तर मतभेद उघडे पडतील."

या सगळ्या विद्वत्तेतून साडूंच्या हाती एकच वाक्य लागलं होतं आणि तेच ते निरनिराळ्या मथळ्यांखाली छापत: मुलं बेसूर नसतात, पेटी चुकीच्या जागी लावलेली असते. मास्तर स्वतःच्या गळ्याला सोसेल अशी पट्टी धरतो, म्हणजे बहुधा काळी एक. कोवळ्या गळ्यांना तेवढं खाली उतरता येत नाही. पोरांचे आवाज घोगरे होतात, मग मास्तर त्यांना बेसूर ठरवून मोकळा होतो.

हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं, कारण त्या ठरवलेल्यांपैकी मी एक. आमच्या गावच्या शाळेत प्रार्थनेला मास्तरांनी मला पुढं बोलावून सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." मी सातवीपर्यंत ओठ हलवले. पुढं घरच्या गणपतीच्या आरतीतसुद्धा मी फक्त टाळ्या वाजवायचो. आता आयुष्य असं काढल्यावर कुणी येऊन सांगावं की दोष पेटीचा होता, हे मला मंजूर नव्हतं.

सांगलीतल्या एका शाळेच्या संस्थेचा मी अध्यक्ष आहे. पालक मागे लागले म्हणून आम्ही गाण्याचा तास काढून तिथं स्कॉलरशिपची तयारी घातली. साडूंना हे कळलं तसे ते पहिल्या गाडीनं आले आणि थेट बाजारात, हळदीच्या ढिगांमधून वाट काढत माझ्यापुढं उभे राहिले. सौदे चालू होते.

"गाण्याचा तास काढलात?"

"काढला. गाऊन पोरं कलेक्टर व्हत न्हाईत."

"न गाता किती झाली?"

"डॉक्टर, सगळ्यांना गळा नसतो. माझंच बघा की. मी जन्माचा बेसूर हाय."

"अजिबात नाही," साडू म्हणाले. "सौदा पुकारताना तुम्ही काळी तीनवर असता. चिडलात की बरोबर तिथून पाचव्या सुरावर, पंचमावर जाता. तुमच्या लग्नापासून ऐकतोय."

हमाल हसले. मी आणखी चिडलो. साडूंनी समाधानानं मान डोलावली, म्हणजे मी पंचमावर पोचलो होतो.

तिथंच पैज ठरली. गॅदरिंगला मी मुलांबरोबर स्टेजवर गायचं. लोक हसले तर साडूंनी हा विषय माझ्यापुढं पुन्हा काढायचा नाही. हसले नाहीत तर गाणं शाळेत परत. "पण आठवड्याला तास किती?" असं त्यांनी विचारलं, आणि मी खिशातला रुमाल काढला. पूर्वी आमच्या बाजारात मालाचा दर शेजारच्या व्यापाऱ्याला कळू नये म्हणून तो रुमालाखाली बोटं धरून ठरवत. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. ही गंमत मीच त्यांना कधीतरी सांगितली होती. मनात मी एक तास धरला होता, तोही शनिवारचा, शाळा सुटतानाचा. साडूंनी रुमालाखाली हात घातला आणि माझा सगळा पंजा घट्ट धरला. मला वाटलं, प्रोफेसर माणूस, शेकहँड करतोय. मी म्हणालो, "ठरलं."

गॅदरिंगला मी निर्धास्त होतो. शब्द पाठ होते, जिंकायला मला फक्त तोंड उघडायचं होतं, बाकी काम माझा गळा करणार होता. गाण्याच्या बाईंनी पेटी पुढं ओढली. मी मुलांच्या मागच्या रांगेत कडेला उभा राहिलो. साडू विंगेत माझ्या शेजारीच होते. पडदा वर जायच्या क्षणी ते कानात म्हणाले, "मिरजेत कुणीतरी सांगत होतं, तुमच्या हळदीत भेसळ असते म्हणे."

माझं रक्त उकळलं. "कोण म्हणतं?" असं विचारायला मी तोंड उघडलं, तोच बाईंनी खूण केली, आणि तोंडातून गाण्याची पहिली ओळ बाहेर पडली. गाणं पंचमावरून सुरू होत होतं आणि पेटी काळी तीनवर लावलेली होती. साडूंनी माझा गळा गाण्याला लावला नव्हता, सबंध शाळा माझ्या गळ्याला लावली होती.

पहिल्या ओळीत मी रागात होतो. दुसऱ्या ओळीत मला माझा आवाज शोधावा लागला. तो कुठं वेगळा ऐकूच येईना. पुढं पोरं गात होती, मी गात होतो, आणि सगळं मिळून एकच काहीतरी चाललं होतं. पहिल्या रांगेत माझी बायको बसली होती. तिनं तोंडाला पदर लावला नाही, म्हणजे ती हसत नव्हती. कुणीच हसलं नाही.

खाली उतरल्यावर मी म्हणालो, "हरलो. शनिवारी एक तास घ्या."

"पाच," साडू म्हणाले. "मी पंजा धरला होता."

"तो शेकहँड हुता."

दुसऱ्या दिवशी बाजारात माझेच हमाल उलटले. "न्हाई शेठ, रुमालाखाली शेकहँड नसतो. पंजाच हुता." रुमालाखालचा शब्द मोडला तर त्या बाजारात मला उभं राहता आलं नसतं. आता आमच्या शाळेत शनिवार सोडून रोज गाण्याचा तास असतो. पालक मला शिव्या देतात. मी अधूनमधून मागच्या रांगेत उभा राहतो, ते केवळ देखरेख म्हणून.

साडू मात्र आता येत नाहीत. त्यांचे कान गेले. यंत्र बसवलंय, पण ते म्हणतात, त्यात सगळं जग एकाच पट्टीत वाजतं, म्हणून ते काढून टेबलावर ठेवतात. परवा साताऱ्याला गेलो तर गॅलरीत बसून समोरच्या शाळेचं मैदान बघत होते. प्रार्थना चालू होती. ते पोरांच्या तोंडांकडे बघत होते, कोण नुसते ओठ हलवतंय ते. मला बघून म्हणाले, "तुमच्याकडं पेटी कुठं लावतात हल्ली?" मी ओरडून सांगितलं, त्यांना कळलं नाही. मग मी रुमाल काढला, आमच्या हातांवर टाकला आणि त्यांची तीन बोटं दाबली. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. हात लवकर सोडला नाही.

तिथं मी त्यांना विचारलं. माझा सूर तुम्हाला इतकी वर्षं ठाऊक होता. माझ्या घरच्या आरतीत मी टाळ्या वाजवत असताना तुम्ही शेजारी उभे असायचात. मग तेव्हाच मला का सांगितलं नाहीत? मला गायला लावायला एवढा उशीर का केलात? मास्तर गेले, ती पेटी मोडीत गेली, जाब विचारायला तुम्ही एकटेच उरलात. बोलता बोलता माझा आवाज चढला. त्यांना शब्द ऐकू गेला नाही. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि हसून म्हणाले, "पंचम."

हे उत्तर नव्हे. मला उत्तर पाहिजे, आणि ते त्यांनी सांगलीला येऊन, मागच्या रांगेत माझ्या शेजारी उभं राहून दिलं पाहिजे. जागा मी धरून ठेवली आहे.