काखेतलं गळू आणि चौसाळ्याचे व्याही

आमच्या घरात उन्हाळा, पावसाळा, हिवाळा आणि गळू असे चार ऋतू आहेत. पहिले तीन वर्षातून एकदाच येतात.

गळवाचा हंगाम माझ्या कॉलेजच्या दिवसांत सुरू झाला. काखेत लिंबाएवढी गाठ यायची, लाल व्हायची, ठणकायची, पिकायची, फुटायची. सुटलो म्हणून मी पेढे आणायच्या आत तिच्या शेजारी धाकटी बहीण हजर! सिरसाळ्यात माझं बी-बियाणांचं दुकान आहे, त्यामुळे फुकटच्या सल्ल्यांना तोटा नव्हता. "अप्पा, अंगात उष्णता लई हाय तुमच्या," असं प्रत्येक जण सांगायचा. सब्जा झाला, गुलकंद झाला, कडुलिंबाचा पाला वाटून पिऊन झाला. उष्णता इतकी उतरली की चैत्रात मी गोधडी घेऊन झोपू लागलो, पण गळू जागच्या जागी. बायको शोभा कणकेत हळद घालून त्याचं गरमागरम पोटीस बांधायची. मग दिवसभर माझ्या अंगाला अर्धवट भाजलेल्या पोळीचा वास यायचा. (गळू फुटल्यावर जो वास येतो त्याच्यापुढे हा वास म्हणजे केवडाच!)

शेवटी बीडच्या एका त्वचेच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. हा केसांच्या मुळांशी होणारा आजार आहे. घाणीमुळे होत नाही, उष्णतेनं होत नाही, दुसऱ्याला लागत नाही. पण पुन्हा पुन्हा येतो, आणि कधीकधी घराण्यात चालतो.

"घरात आणखी कुणाला आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणालाच नाही," मी म्हणालो. तेव्हा ते खरं होतं.

गौरी, माझी एकुलती एक लेक, नववीत असताना एके दिवशी शाळेतून आली ती उजवा हात अंगापासून जरा लांब धरून. शोभाला वाटलं, दप्तर जड झालं असेल. मला काही वाटून घ्यायची गरजच नव्हती. ती चाल माझी होती. मी दुकानाच्या मागच्या खोलीत गेलो, सोयाबीनच्या पोत्यावर बसलो आणि ढसाढसा रडलो. लोक लेकीला दागिने देतात, शेत देतात. मी काय दिलं, तर हे!

त्या वर्षी तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावलं. म्हणाल्या, "गौरी हुशार आहे, पण हल्ली वर्गात हात वर करत नाही. उत्तरं येत नाहीत का तिला?" उत्तरं सगळी येत होती. हात वर जात नव्हता. मी बाईंना म्हणालो, "लाजाळू आहे हो." आणि हसलो. ते हसणं मला अजून टोचतं.

तर अशी ही गौरी मोठी झाली, शिकली, आणि तिला चौसाळ्याचं स्थळ आलं. हायवेला लागून त्यांचं हार्डवेअरचं दुकान. मुलगा महेश, बोलायला गोड, कामाला नेटका. दोघं फोनवर बोलू लागली. गच्चीत फोनवर बोलताना गौरी मोठ्यानं हसायची आणि खाली आम्ही नवरा-बायको टीव्हीचा आवाज कमी करून ते हसणं ऐकायचो. तिला तो मनापासून आवडला होता. एवढं मला पुरेसं होतं.

एके दिवशी ती म्हणाली, "पप्पा, मी त्यांना माझ्या दुखण्याचं सांगून टाकते."

"आत्ताच नको," शोभा म्हणाली. "सुपारी फुटू दे आधी. मग सांगू निवांत."

"सुपारी फुटल्यावर सांगायचं म्हणजे फसवणं झालं, आई."

"पोरीच्या जातीनं एवढं खरं बोलू न्हाई!"

दोघींनी माझ्याकडं पाहिलं. मी अत्यंत ठामपणे दोघींसाठी एकेकदा मान हलवली आणि दुकान उघडायला निघून गेलो.

सुपारी फोडायचा दिवस ठरला. आमच्याकडं सुपारी फुटली की व्याहीभेट होते. दोन्हीकडचे बाप एकमेकांना हार घालतात आणि सगळ्यांसमक्ष कडकडून गळ्याला लागतात. ही भेट जेवढी घट्ट तेवढं नातं घट्ट असा हिशोब. हल्ली त्यात नवीन खूळ आलंय. एक व्याही दुसऱ्याला उचलतो, पोरं शिट्ट्या मारतात आणि फोटोग्राफर ते सगळं संथ गतीत दाखवतो.

आणि त्या दिवशी सकाळी मी उठलो, तर उजव्या काखेत गळू. साधंसुधं नाही! गेल्या कित्येक वर्षांत एवढं टपोरं पीक माझ्याकडं आलं नव्हतं.

"आजच कावून उगवलं हे?" शोभा कपाळावर हात मारून म्हणाली, जणू मीच दुकानातलं बी आणून पेरलं होतं. तिनं काखेत कापसाचा गठ्ठा ठेवला, वरून पट्टी गुंडाळली, तिच्यावर बनियन, त्यावर सदरा आणि त्यावर पांढरं जाकीट. माझा उजवा हात आता फाटकासारखा बाहेर उघडा राहिला.

"जवळ जाऊच नका," तिनं बजावलं. "लांबून हात जोडा."

मंडळी आली. सुपारी फुटली. महेशचे वडील विश्वनाथराव म्हणजे दाराच्या चौकटीत मावेल न मावेल असा माणूस, आणि मन त्याहून मोठं. त्यांनी मला हार घातला, मी डाव्या हातानं त्यांना कसाबसा घातला, आणि त्यांनी दोन्ही हात पसरले.

"या अप्पा!"

मी हात जोडले.

"अवो हात काय जोडता? गळ्याला लागा!"

ते पुढं आले. मी मागं सरलो. ते आणखी पुढं आले. मागं भिंत आली. मग माझ्या सुपीक डोक्यात एक कल्पना आली आणि मी सरळ वाकून त्यांचे पाय धरले. आता विश्वनाथराव माझ्याहून वयानं लहान. वडीलधाऱ्या व्याह्यानं पाय धरलेले पाहून ते "अरे अरे अरे!" करत असे मागं उडाले की हारांच्या टोपलीत जाऊन बसले आणि तिथंच अडकले. चार माणसांनी त्यांना ओढून काढलं. टोपली शेवटपर्यंत सोबत आली.

पोरं हसली, मीही हसलो. पण महेशच्या आत्या, सुमनबाई, हसल्या नाहीत.

"व्याही गळ्याला लागंना," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजल्या. "मनात कायतरी हाय. पोरीचं काई लपवलंय का?"

विश्वनाथरावांचा चेहरा उतरला. "अप्पा," ते हळू आवाजात म्हणाले, "आमचं काई चुकलं का? आमी मनापासून आलतो हो."

मी गौरीकडं पाहिलं. पाटावर बसली होती, मोतिया रंगाच्या साडीत, मान खाली. तिच्या मांडीवर तिची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती. मग मी ठरवलं. मेलो तरी चालेल, पण ही भेट व्हायला पाहिजे. मी दात आवळले, दोन्ही हात पसरले आणि म्हणालो, "या!"

विश्वनाथराव आनंदानं धावतच आले.

"अप्पा, हात वर!" फोटोग्राफर ओरडला. "अजून वर! तोंड हसरं! अन् साहेब, उचला अप्पांना, उचला!"

साहेबांनी उचललं. दोन्ही हात माझ्या काखांत घालून!

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो आमच्या गल्लीत यापूर्वी कुणी ऐकला नसावा. पोरांना वाटलं अप्पा जोशात आले. त्यांनी शिट्ट्या मारल्या. त्या शिट्ट्यांनी विश्वनाथरावांनाही जोर चढला आणि त्यांनी मला हवेतच गोल फिरवलं. दुसऱ्या फेरीला गळू फुटलं.

खाली ठेवलं तेव्हा माझ्या पांढऱ्या जाकिटाच्या काखेतून कमरेपर्यंत एक ओघळ आला होता आणि विश्वनाथरावांच्या बाहीवरही पसरला होता. त्यांनी बाहीकडं पाहिलं. मग वास आला. (केवड्याचा नव्हे.)

"अत्तराची बाटली फुटली!" शोभा किंचाळली. "खिशात होती यांच्या!"

सुमनबाईंनी पदर नाकाला लावला. "हे कसलं वं अत्तर?"

"कन्नौजचं!" शोभा म्हणाली.

तेव्हा गौरी पाटावरून उठली. माझ्याजवळ आली, माझा हात अलगद धरला आणि सगळ्यांकडं पाहून म्हणाली, "अत्तर नाही. पप्पांना काखेत गळवं होतात. वर्षानुवर्षं होतात. म्हणून ते गळ्याला लागत नव्हते. हे कुणाला लागत नाही, घाणीनं होत नाही. आणि मलाही होतात."

शोभा तोंडाला पदर लावून आत गेली. गौरी महेशकडं बघत होती. मीही बघत होतो. तो खालच्या सतरंजीकडं बघत होता. इतका वेळ बघत होता की मला त्या सतरंजीचा राग आला.

मंडळी जेवली. जेवायला नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून जेवली, आणि कुणीही दुसरी पुरी घेतली नाही. निघताना विश्वनाथराव डाव्या हातानं माझा डावा हात धरून म्हणाले, "बघतो, कळवतो." आमच्या भागात "कळवतो" म्हणाले की पुढं काही कळवायचं राहिलेलं नसतं. तरी मी आठवडाभर फोन उशाशी घेऊन झोपलो. मग मध्यस्थाचा निरोप आला: पोरगी सोन्यासारखी हाय, पण पुढं लेकराबाळांचं कसं?

गौरीनं ऐकून घेतलं. त्या दिवशी माझी पट्टी बदलायची होती. शोभा स्वयंपाकघरातून बाहेर येईना, म्हणून गौरीनं बदलली. मी तोंड फिरवून बसलो.

"मी गप्प बसायला पाहिजे होतं का, पप्पा?"

"नाही," मी म्हणालो. "गप्प बसायला पाहिजे होतं ते माझ्या गळवानं."

ती थोडं हसली. मग कापूस तसाच हातात धरून म्हणाली, "लग्न मोडल्याचं नाही वाटत एवढं. पण मला वाटलं होतं, तो काहीतरी बोलेल. एक शब्द. मला आवडला होता हो तो." आणि ती रडली. नववीतल्या मुलीसारखी, हुंदके देऊन. मला तिला जवळ घ्यायचं होतं. माझा उजवा हात वर जात नव्हता, म्हणून मी डाव्या हातानं तिचं डोकं माझ्या खांद्याला लावलं. किती वेळ आम्ही तसेच बसलो कोण जाणे. शोभा दोनदा दारात येऊन परत गेली.

आता वर्ष होत आलं. गौरी बीडला त्याच डॉक्टरांकडं नियमानं जाते, औषध घेते. थोडा फरक आहे, पण पूर्ण नाही. स्थळं येतात. ती पोहे द्यायच्या आधी सांगून मोकळी होते: "मला असा असा आजार आहे. विचारायचं ते विचारा." दोन स्थळं तिथूनच परत गेली. तिसऱ्या वेळी मुलाच्या आईनं बराच वेळ विचारपूस केली. त्यांचं अजून काही कळलं नाही. मी शेजारी बसतो. एवढीशी पोर! बोलताना तिचा आवाज कापतो, पण ती वाक्य पुरं करते. माझ्यासारखा पळपुटा बाप असताना ती एवढी धीट कुठून झाली देव जाणे. मी तिच्याकडून खूप शिकलो असं मी सगळ्यांना सांगतो.

परवा दुकानात पुन्हा हात वर जाईना. एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, "अप्पा, हाताला काय झालं?" मी गौरीची आठवण काढली, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणालो, "काही नाही हो, खांदा निखळलाय जरा."

तो गडी पैलवान निघाला. "आधी न्हाई का सांगायचं!" म्हणत काउंटरच्या फळीवरून उडी मारून आत आला, माझा दंड धरला, एक पाय माझ्या बरगडीला लावला आणि असा हिसका दिला की मला भर दुपारी चांदण्या दिसल्या. खांदा चांगला ठणठणीत होता, तो तेवढा कामातून गेला. आणि मी, दोन्ही डोळ्यांतून पाणी गाळत, त्याला म्हणालो, "आता लई बरं वाटतंय."