वऱ्हाड कुडूसच्या बाजारात

दादाच्या लग्नाची बस मी चुकीच्या रस्त्याने नेली. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट, पण सुक्या बोंबलांचा वास आला की आजही कान तापतात. बोरिवलीहून वाडा गावी, नवरीच्या घरी जायचं होतं. हायवेवर ट्रक तुंबतात म्हणून मी ड्रायव्हरला भिवंडीवरून, गावागावांतून जाणारा रस्ता धरायला लावला. कुडूसला भर रस्त्यात आठवडी बाजार! बैलगाड्या, बोंबलांचे ढीग आणि मधोमध अडकलेली आमची बस. मुंडावळ्यांतून घाम गाळत दादा ओरडला, "मुहूर्त चुकला ना, तर तुला इथंच विकीन, बोंबलाच्या भावात!" मामा तर चप्पल काढूनच उठले. मुहूर्त चुकलाच. लग्न गोरजावर गेलं आणि दादाचे सासरे पंगतीतही माझ्याकडे बघून फणफणत होते. अजूनही प्रवासात मी रस्ता सांगायला लागलो की वहिनी मागून ओरडते, "भावोजी, उलटी येत असेल तरच तोंड उघडा!"