कल्पनाचं नाव माझ्या छातीवर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवासमोर उभी राहिले तरी गुपचूप हात जोडून निघून येते. पण आज सांगणार! ऐक.

कोविडचे दिवस. मी नर्स, प्रकाशा गावची. नोकरी पक्की, आणि तोंड असं की मिरची परवडली! आश्रमशाळेच्या इमारतीत सेंटर उघडलं होतं. दोन वॉर्ड, आणि आमच्या पाळीला आम्ही दोघीच — मी आणि कल्पना. ती रनाळ्याची, कंत्राटी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. किट चढवलं की सगळ्या सारख्याच दिसायच्या, म्हणून छातीवर मार्करने नाव लिहायचं. आणि मग वॉर्डभर एकच घोष — कल्पना सिस्टर, कल्पना सिस्टर! मला कोण हाक मारतंय? मी आले की लोक झोपेचं सोंग घ्यायचे.

एकदा तिची सुट्टी होती. धडगावकडची एक आजी अन्नाला शिवेना. कल्पना सिस्टरच पाहिजे, दुसरी कुणी नको. मग मी काय केलं असेल? मार्कर उचलला आणि स्वतःच्या छातीवर लिहिलं — कल्पना. आवाज खाली आणला, आजीच्या पाठीवरून हात फिरवला. आणि आजी जेवली गं! वाटीभर खिचडी! इतका आनंद झाला म्हणून सांगू, किट काढायच्या खोलीत मी एकटीच नाचले.

मग चटकच लागली. ती सुट्टीवर किंवा दुसऱ्या वॉर्डात असली, की माझ्या छातीवर तिचंच नाव. रोज कुणीतरी जायचं. घरी लेकीला जवळ घेता येत नव्हतं, झोप उडालेली — पण ते सगळं माझं होतं ना? कल्पना झाले की त्यातलं काहीच माझं नसायचं. काय हलकं वाटायचं!

तुला वाटेल, यात कसला आलाय गुन्हा? थांब. सांगते. सांगतेच.

मे महिन्यातली दुपार. कल्पनाला चक्कर आली, म्हणून ती किट काढून मागच्या खोलीत एकटीच जाऊन पडली. दोन्ही वॉर्ड माझ्यावर, आणि छातीवर तिचं नाव. एक म्हातारे बाबा ऑक्सिजनचा मास्क सारखा काढून टाकत होते. मी लावला, त्यांनी काढला. लावला, काढला. पाचव्यांदा — मी त्यांच्या थोबाडीत मारली. सणसणीत. सत्तरीचा माणूस! आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. मनात म्हटलंसुद्धा, मी कुठे मारलं, कल्पनाने मारलं.

शेजारच्या खाटेवरच्याने मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. चेहरा दिसत नव्हता, नाव स्वच्छ दिसत होतं. संध्याकाळपर्यंत तो गावोगाव फिरला. बाबांचा मुलगा फाटकाशी येऊन ओरडायला लागला. सेंटरच्या साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. कल्पनाने रडत रडत माझाच हात धरला — "ताई, तू तं तठेच व्हती ना! सांग ना त्यासले, मी नही मारं बाबाले."

साक्षीला तिला मीच सापडले, बोल! माझ्यावर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. आणि मी? मी म्हणाले, तेव्हा मी किट बदलायला गेले होते, मला काही माहीत नाही. एवढंच. बाकीचे म्हणाले, व्हिडिओत नाव आहे की. दुसऱ्या दिवशी तिचं काम गेलं. पुढे एकाही दवाखान्याने तिला घेतलं नाही. जिच्या नावाने लोक जेवायचे, तिचं नर्सिंग तिथेच संपलं. बाबा बरे होऊन घरी गेले. मी अजून नोकरीत आहे.

मध्यंतरी खांडबाऱ्याच्या बाजारात ती भेटली. लग्न होऊन तिकडेच गेलीय, बांगड्यांचं दुकान लावते. मला बघून ओरडलीच आनंदाने! गळ्यात पडली. म्हणाली, "सगळा मन्हा विरुद्ध बोलनात, ताई. तू एकलीच नही बोलनी."

मी नको नको म्हणत असताना तिने माझे दोन्ही हात बांगड्यांनी भरले. मी भरून घेतले. आणि तिला म्हणाले — अगं, मला ठाऊक होतं, तू असं करूच शकत नाहीस.