अठ्ठेचाळीस घरांचा कौल

निवडणुकीत कोण येणार हे मतदारांच्याही आधी कुणाला कळत असेल, तर ते आमच्या तळमजल्यावरच्या मामांना. चेन्नईच्या वेलचेरी भागातल्या आमच्या इमारतीत अठ्ठेचाळीस घरं. निवडणूक जवळ आली की मामा वही घेऊन एकेका घरी जातात, चपला बाहेर काढतात आणि कॉफी येईपर्यंत राजकारणाचं नाव काढत नाहीत. 'तुम्ही कुणाला मत देणार' असं ते कधीच विचारत नाहीत, विचारतात, "शेजारचे कुणाला देतील?" मामा मूळ तंजावरचे, त्यांच्या मराठीला तमिळ हेल आहे. त्या हेलात ते समजावतात, "स्वतःविषयी माणूस लाजतो हो. शेजाऱ्याविषयी कशाला लाजेल?"

मी मामांच्या बरोबर वरच्या घरात राहतो आणि मोटारींच्या कारखान्यात सुट्या भागांचा दर्जा तपासतो. कुठलाही आकडा दशांशापर्यंत नेल्याशिवाय मला जेवण जात नाही. घरात दूध किती वेळा उतू गेलं याचीही माझ्याकडे नोंद आहे, आणि ती कुणीही मागितलेली नाही. असा मी मामांची वही पाहतो, तर पावसात तुंबणाऱ्या पाण्याच्या रकान्यात 'फार राग', मेट्रोच्या रकान्यात 'बरं आहे', आणि माझ्या नावापुढे 'ठरलेलं नाही'.

"हे कुणी सांगितलं?"

"शेजाऱ्यांनी. तुमच्या मंडळींनीही. भाजी घेतानाही तुमचं ठरत नाही, म्हणाल्या."

हे मला लागलं. मी मोबाइलवर रीतसर प्रश्नावली केली आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकली. मामांना अकरा दिवस लागायचे, माझं काम चाळीस मिनिटांत झालं. 'सर्व घरं, शंभर टक्के प्रतिसाद' असा मथळा देऊन रंगीत आलेख छापला आणि मामांच्या हातात ठेवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला. "सरी, ठीक आहे," म्हणाले, "झालंच की मग." वही त्यांनी कपाटावर ठेवून दिली.

चार दिवस मामा जिन्यात दिसले नाहीत. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "मामी गेल्यापासून लोकांच्या घरी जाऊन बसायला त्यांना तेवढंच निमित्त होतं. ते तुम्ही चाळीस मिनिटांत उरकलंत."

मी आलेख पुन्हा तपासला. उत्तरं सत्तेचाळीस होती. मामा ग्रुपवर नाहीत, त्यांना मी विचारलंच नव्हतं. कारखान्यात असा भाग मी स्वतः परत पाठवला असता.

खाली गेलो, चपला बाहेर काढल्या आणि कॉफी येईपर्यंत गप्प बसलो. मग म्हटलं, "मामा, माझी चाचणी रद्द. एक घर राहिलं." आणि त्यांच्याच पद्धतीनं विचारलं, "तुमच्या वरचे शेजारी कुणाला मत देतील?"

मामांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "त्यांचं? अजून ठरलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी वही कपाटावरून उतरली. या खेपेला मामांना तेरा दिवस लागले. आमच्याकडे ते तीनदा येऊन गेले. माझं मत तसं कधीचंच ठरलं आहे, पण ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.